अडीच वाजताची अरुंधती

मराठी मालिकांचं वेळापत्रक मुंबईत ठरतं, असं मुंबईच्या लोकांना वाटतं. आमच्या गावात, सायखेड्यात, ते तिघं ठरवतात: लाईट, कांदा आणि आमची आजी. यातले पहिले दोन कधीतरी ऐकतात.

तरी मुंबईवाल्यांचं ऐकून घेऊ. देशभरातल्या हजारो निवडक घरांत 'बार्क' नावाच्या संस्थेची मीटरं बसवलेली असतात. कुणाच्या घरी, हे गुपित. वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं बटण. टीव्हीसमोर बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. या सगळ्याची बेरीज, म्हणजे टीआरपी, दर गुरुवारी जाहीर होते. गुरुवारी निम्मा महाराष्ट्र दत्ताचा उपवास धरतो. मालिकावाल्यांना त्या दिवशी उपवास नसला तरी घास उतरत नाही.

ऑक्टोबर २०१५ पर्यंत या मोजणीत खेडी नव्हतीच. आधीच्या यंत्रणेची मीटरं शहरांतच असायची. म्हणजे तोवर आमचं गाव जे जे बघून रडलं, ज्या ज्या सासूला त्यानं शिव्या घातल्या, ते सगळं हिशेबाबाहेर गेलं. मग बार्कनं खेड्यांतही मीटरं नेली. वर्षभरात कोल्हापूरकडचा राणादा मालिकेचा नायक होऊन पडद्यावर आला, त्याच्यामागून साताऱ्याकडचा फौजी आला. आम्ही निफाड तालुक्यातले लोक आमची पाळी येईल म्हणून वाट बघत बसलो. पण कांद्याच्या चाळीत जमलेलं प्रेम मला तरी कुठल्या मालिकेत पाहिल्याचं आठवत नाही. आम्ही पडद्यावर येतो ते बाजारभावाच्या पट्टीत, तेही भाव पडल्यावर.

उद्या मीटर आमच्याच घरी बसवलं तर बार्कची पंचाईत होईल. आजी मालिका डोळे मिटून बघते. चॅनल बदललं की मात्र ताडकन डोळे उघडतात. आई स्वयंपाकघरातून फक्त ऐकते, आणि भाकरी थापता थापता खलनायिकेला सल्ले देते. वहिनी जाहिरात लागली की बाहेर येते, कारण मालिका तिला मोबाईलवर आधीच बघून झालेली असते. आणि अप्पा! अप्पा मालिका बघत नाहीत. ते पेपर वाचतात. त्यांच्या हातातलं पान तासभर उलटत नाही, आणि नायिकेनं चुकीच्या कागदावर सही केली की पेपरामागून आवाज येतो, "अगं, वाचून तरी बघ!" अप्पांचं बटण कुणी दाबायचं?

मार्च २०२४ मध्ये घरात खरा पेच पडला. 'आई कुठे काय करते' ही मालिका २०१९ च्या डिसेंबरपासून आमच्याकडे साडेसातच्या दिवाबत्तीनंतरचा नेम होऊन बसली होती. ती उचलून दुपारी अडीचला नेली आणि तिच्या जागी 'घरोघरी मातीच्या चुली' आली. हिशेब सरळ असतो: जुन्या मालिकेनं हक्काचे प्रेक्षक दुपारी ओढायचे, आणि संध्याकाळची मोक्याची जागा नवीला द्यायची. मुंबईत अडीच वाजता बायका जेवून जरा टेकत असतील. आमच्याकडे मार्चमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी. अडीच वाजता समस्त महिला प्रेक्षकवर्ग वाफ्यात बसून पात कापत होता. मालिकेच्या नायिकेच्या, अरुंधतीच्या, वाटणीचे अश्रू तिथंच गळत होते, पण त्यांना मीटर नव्हतं.

आजीला हे मान्य नव्हतं. "तिला विचारलं का कुणी, दुपारचं जमेल का म्हणून?" ती विचारायची. आम्ही समजूत घातली की आजी, टीआरपी म्हणजे कांद्याचा भाव बघ. पिकवायचं आपण, ठरवायचं दुसऱ्यानंच. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा तरी आपल्याला कुणी विचारलं होतं का? हे मात्र तिला लगेच पटलं. तेव्हापासून ती रिपीटवर जगू लागली. हुकलेला भाग पुन्हा कधी लागतो, हे तिला पोथीसारखं पाठ झालं.

कांदा झाला, आजी झाली, राहिली लाईट. इंग्लंडमध्ये तिचा म्हणे उलटा कारभार. तिथल्या वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात इंजिनिअर लोक टीव्हीचं वेळापत्रक समोर घेऊन बसतात. 'ईस्टएंडर्स' संपली की लाखो घरांत एकदम चहाच्या विजेच्या किटल्या सुरू होतात, आणि मागणी उसळी मारते. ४ जुलै १९९० ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं, आणि देशानं दुःखानं चहा ठेवला. मागणी २,८०० मेगावॉटनं वाढली. आमच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता ६३० मेगावॉट. म्हणजे त्या एका चहाला चार एकलहरे पुरले नसते. अशा वेळी वेल्समधल्या डिनॉर्विगच्या डोंगरावरून पाणी सोडतात, आणि काही सेकंदांत वीज तयार.

तिथं वीज टीव्हीच्या मागे धावते, आमच्याकडे टीव्ही विजेच्या मागे. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की अप्पा आणि भाऊ बॅटरी घेऊन पाणी भरायला जातात, आणि दहाच्या मालिकेचा टीआरपी आमच्या मळ्यात साफ कोसळतो. आता या पडझडीचं खापर नायिकेच्या अभिनयावर फोडायचं, की रोहित्रावर?

सायखेड्याचा स्वतःचा प्राइम टाइम एकदा लागला, ऑगस्ट २०१९ मध्ये. गोदावरीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, चांदोरी आणि सायखेडा दिवसभर बातम्यांत. पत्रकार पाण्यात उभे, वर ब्रेकिंगच्या लाल पट्ट्या. सगळा महाराष्ट्र आम्हाला बघत होता आणि आमच्याकडे लाईट नव्हती. पुण्याहून आत्याचा फोन आला, "अगं आई, तुमचंच गाव दाखवतायत! पूल दाखवला, बाजारपेठ दाखवली, सगळं सगळं दाखवलं!"

आजीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग पदरानं फोन पुसला आणि विचारलं, "रिपीट किती वाजता लागतो?"