खटपट्याकाका

बंद पडलेली वस्तू घेऊन आमच्या सोसायटीतल्या खटपट्याकाकांच्या दारात उभं राहिलं, की ते वस्तूकडे बघण्याआधी विचारतात, "नवीन नाही ना मागवलीत?" नाही म्हटलं की चेहरा खुलतो. मागवली म्हटलं तर "मग बसा" एवढंच म्हणतात. चहा मात्र येत नाही.

काकांना दुरुस्तीवाला समजू नये. दुरुस्तीवाल्याला वस्तू चालू करून पैसे घ्यायचे असतात. खटपट्याला वस्तू चालू झाली की आतून थोडं वाईटच वाटतं. तिच्यातला रस संपलेला असतो आणि ती परत द्यावी लागते.

गेल्या खेपेला भाच्यानं जर्मनीतल्या जुन्या बाजारातून त्यांच्यासाठी कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० हा कॉम्प्युटर आणला. हे मॉडेल १९८७ सालचं. युरोपातल्या कित्येक पोरांचे अभ्यास त्यानं बुडवले. विकणाऱ्यानं सोबत माऊसही दिला, पण तो निघाला अटारी एसटी या दुसऱ्याच कंपनीच्या कॉम्प्युटरचा. दोन्हींचा कनेक्टर तोच, नऊ पिनांचा. चपखल बसला. मशीन चालू झालं आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थरथरू लागला. माऊस डावीकडे न्या, उजवीकडे न्या, बाण काही जागा सोडेना.

"मामा, अडॅप्टर मिळतो. साधा यूएसबी माऊस लावता येईल," भाचा म्हणाला.

"तयार?" काकांनी विचारलं. होळीला पुरणपोळ्या विकत आणू का, असं सुनेनं म्हटल्यावर सासूबाई ज्या सुरात विचारतील, तो सूर.

त्या दिवसापासून जिन्यात भेटेल त्याला काका अमिगा आणि अटारीची भाऊबंदकी ऐकवू लागले. जॅक ट्रॅमेल यांनी कमोडोर उभी केली. १९८४ साली ते तिथून बाहेर पडले आणि त्याच वर्षी त्यांनी अटारीचा घरगुती कॉम्प्युटरांचा धंदा विकत घेतला. इकडे अमिगाच्या चिपा ज्यांच्या हाताखाली घडल्या ते जे मायनर आधी होते अटारीत, आणि अमिगा कंपनी गेली कमोडोरकडे. "म्हणजे बघा, ह्यांचा माणूस त्यांच्याकडे, त्यांचा माणूस ह्यांच्याकडे! पिना सरळ कशा लागतील?" दूधवाल्यानं मान डोलावली आणि दोन पिशव्या ठेवून तो घाईनं वर गेला.

मुद्दा मात्र काकांना नेमका कळला होता. माऊसच्या पोटात एक गोळी, तिला टेकून दोन रूळ, प्रत्येक रुळाच्या टोकाला खाचांची चकती. चकती फिरली की प्रकाश अडतो, सुटतो, आणि त्यातून दोन सिग्नल निघतात, एक दुसऱ्याच्या पाव पाऊल मागे. आधी कोण आला यावरून मशीन दिशा ओळखतं. अटारी आडव्या हालचालीची जोडी १ आणि २ नंबरच्या पिनांवर पाठवतो, उभ्या हालचालीची ३ आणि ४ वर. अमिगा आडवी जोडी २ आणि ४ वर शोधतो, उभी १ आणि ३ वर. जोड्या फुटल्या. एकट्या सिग्नलवरून दिशा कळेना, म्हणून बाण पुढे-मागे, पुढे-मागे. पाच व्होल्ट ७ वर आणि ग्राउंड ८ वर, हे दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे काही जळलं नव्हतं. जळलं असतं तर तेवढंच काम वाढलं असतं, असं काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

उपाय एवढाच, की १ आणि ४ च्या तारांची अदलाबदल करायची. ही आकृती काकांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढली, नेमकी वधू-वरांच्या नावांमागे. काकूंनी ती लगेच कपाटात लपवली. लग्न व्हायचं होतं.

काम अर्ध्या तासाचं. काकांनी ते पुरवून पुरवून केलं. खणात तारांवर चढवायची स्लीव्ह होती, तरी नवी आणायला बुधवार पेठेत जाऊन आले. तारांच्या रंगांना नियम नाही, म्हणून मल्टीमीटर लावून एकेक तार तपासली. काकूंचं फोनवर बोलणं चालू असताना आतून 'बीप' आलं, की त्या पलीकडच्या बाईंना सांगायच्या, "काही नाही हो, ह्यांची तार लागली."

पहिल्या जोडणीत आडव्या जोडीतल्या दोन तारांची आपसांत गल्लत झाली. माऊस उजवीकडे नेला की बाण डावीकडे. "सवय होईल," काका म्हणाले. पण सोल्डरिंग आयर्न गार होऊ दिलं नाही. आणखी एक संध्याकाळ हाताला लागल्याचं समाधान त्यांना लपवता येत नव्हतं.

अखेर बाण शहाण्यासारखा चालू लागला. काकांनी तो चारही कोपऱ्यांत फिरवून आणला. एक खिडकी उघडली, मिटली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"गेम लावू, मामा?" भाच्यानं विचारलं.

"लाव तू."

भाच्यानं फ्लॉपी आत सरकवली. तेवढ्यात काका ताठ बसले. "अरे, म्हणजे हा माऊस आता अटारीला चालणार नाही!"

"नाही चालणार. पण..."

"डीपीडीटी स्विच टाकू. बटण इकडे केलं की १ आणि ४ सरळ, तिकडे केलं की उलट. एकच माऊस, दोन्ही मशीनं." बोलता बोलता त्यांनी माऊस उपसून उलटा केला आणि भोक कुठं पाडायचं तिथं पेन्सिलीनं खूणही केली.

"मामा, पण आपल्याकडे अटारी आहेच कुठं?"

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "मग तू जर्मनीत करतोस काय?"