म्हातारा? तो शेजारचा!

वणीत म्हातारा माणूस शोधून दाखवा. जैताईच्या देवळात विचारा, बसस्थानकावर विचारा. "मी कुठला बुढा बाप्पा? बुढा झाला तो!" हा 'तो' वयाने दोन वर्षांनी लहान असतो.

एसटीत पोट्टं उठतं, "बसा आबाजी" म्हणतं. झालं! आबाजी? कोणाला म्हणतो बे? घुग्घुसपर्यंत राग जात नाही.

जागाही सोडवत नाही.

मग म्हातारपण ठरवतं कोण? अर्थात सरकारी खिडकी. राज्य सरकारचा कारकून ५८ व्या वर्षी थकतो, वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सचा, खाणकामगार ६० पर्यंत तगडा असतो. फायलींचं वजन कोळशाहून जास्त भरत असावं.

आणि कापूस वेचणारी बाई? तिच्या निवृत्तीचं वय अजून कोणत्याच सरकारला सुचलेलं नाही.

एसटीत ६५ ला अर्धं तिकीट, ७५ ला फुकट. रेल्वेने त्याहून सोपा उपाय काढला. मार्च २०२० पासून ज्येष्ठांची सवलत बंद, म्हणजे रुळांवर म्हातारपणच रद्द!

श्रावणबाळ योजनेत ६५ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अट एवढीच, की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला ५८ रुपयेही नकोत. एवढ्यात जगून कोणी पासष्टी गाठलीच, तर त्याला अनुदान नको, शौर्यपदक द्या.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. बँकेत अंगठा ठेवा. लागत नाही. धोतराला पुसा, पुन्हा ठेवा. तरी लागत नाही. नांगराच्या मुठीने रेषा कधीच घासून नेल्या. आता चेहरा दाखवायची सोय झाली आहे. मोबाइल म्हणतो, डोळे मिचकावा. जन्मात जे कधी जमलं नाही, ते सत्तरीत भर बँकेत करायचं, तेही बुढीच्या देखत!

घरी सून म्हणते, "आता आराम करा." लगेच पिशवी हातात. दळण आणा, गॅसचा नंबर लावा, नातवाला शाळेतून आणा. गावात यालाच आराम म्हणतात. निर्णयाच्या वेळी मात्र "तुम्हाला नाही समजत बाबा." सातबारावर सही करायची असली, की लगेच समजतं.

याच वणीत १८८० साली लोकनायक बापूजी अणे जन्मले. १९६२ ला नागपुरातून अपक्ष उभे राहून लोकसभेत गेले, तेव्हा वय ८१. "नातवंडं खेळवा" म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मागत काय होते? वेगळा विदर्भ.

ती मागणीही आता ज्येष्ठ नागरिक झाली. निवडणूक आली की तिला खुर्ची देतात, हार घालतात. मग कोणी घरी सोडायलाही येत नाही.