तळघरातील वसंत

‘टीमलॅब’ या जपानी कलासमूहाचे डिजिटल संग्रहालय 2018 साली टोकियोच्या उपसागरात भराव घालून केलेल्या ओदाइबा बेटावर, म्हणजे समुद्र हटवलेल्या जागी उघडले आणि माणूस व निसर्ग यांच्यात सीमा नसल्याचे तेथे तिकीट लावून दाखवण्यात आले. तेथील डिजिटल फुले आधीच चित्रित करून ठेवलेली नसून संगणक ती क्षणोक्षणी रचतो. प्रेक्षक स्थिर राहिल्यास ती बहरतात, हात लावताच पाकळ्या गळतात. संयमाचा हा धडा प्रेक्षक मनोभावे गिरवतात, कारण छायाचित्रासाठी स्थिर राहणे भागच असते. चिखल, डास आणि वसंतात टोकियोकरांना शिंकांनी बेजार करणारे परागकण यांतून मुक्त केलेला हा निसर्ग 2024 मध्ये अझाबुदाई हिल्स या गगनचुंबी संकुलाच्या तळघरात हलवण्यात आला, आणि उन्हाअभावी एकही फूल कोमेजल्याची तक्रार आली नाही.