भाडेकरूचा कागद

मुंबईत खोली शोधायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो, ‘फॅमिली की बॅचलर?’ मग आडनाव, मग खाण्यापिण्याची चौकशी. भाडं आणि डिपॉझिट त्यानंतर. वन आरके पसंत पडलं, दलालाची महिन्याभराची दलाली ठरली, आणि ॲग्रीमेंटचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं : ‘नोटरी करून टाकू. रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला?’

या वाक्याला मान डोलावू नका. भाडेकरूचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. तो ३१ मार्च २०००पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ स्वच्छ सांगतं की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उभा राहिला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आला. तिथे एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सूट आहे. महाराष्ट्रात ती पळवाट या कलमाने बंद केली. मुदत कितीही असो, नोंदणी करायचीच.

आणि खर्च म्हणाल तर हिशेब करा. भाडं १५ हजार, डिपॉझिट ५० हजार, मुदत अकरा महिने. पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क पाचशेच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या होते. दलालाच्या हातावर आपण याच्या जवळपास दहापट रक्कम ठेवतो आणि कागदाच्या वेळी काटकसर करतो.

ही काटकसर किती महाग पडते ते खोली सोडताना कळतं. मालक मोबाइलचा टॉर्च लावून भिंतीवरून फिरतो. खिळ्यांची भोकं मोजतो. बेसिनखालचा ओलावा, खिडकीची निखळलेली कडी, पंख्याचा आवाज, सगळं भाडेकरूच्या खात्यावर. रंगकामाचे पैसे कापून उरलेलं डिपॉझिट ‘पुढच्या महिन्यात’ मिळणार असतं. तो ओलावा राहायला आलो तेव्हाही होता, हे भाडेकरू कशाच्या आधारावर सांगणार? म्हणून किल्ली हातात येईल त्याच दिवशी फोटो काढा. पंखे, नळ, कड्या यांची यादी करारात जोडून घ्या. डिपॉझिट बँकेतूनच द्या, भाड्याची पावती मागा.

मालकाने वीज-पाणी तोडून खोली खाली करवून घेणं भाडे नियंत्रण कायद्याला मान्य नाही. मुदत संपली तरी सामान जिन्यात फेकता येत नाही, जागा परत घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. भाडेकरूनेही एक लक्षात ठेवावं : मुदत संपल्यावर अडून बसलं तर दुप्पट भाड्याची वसुली होऊ शकते.

कायदा इतका असताना माणसं गप्प का बसतात? कारण कामाच्या दिवशी खाडा परवडत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात रोजावर जाणारी बाई डिपॉझिटसाठी कोर्टाच्या किती खेपा घालणार? १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेले लोकही त्यात येतात. मदतीचा फोन नंबर १५१०० आहे. तो प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, प्रत्येक लोकल स्टेशनवर ठळक लिहिलेला असायला हवा. आणि प्रत्येक वॉर्ड ऑफिसात भाडेकरूंसाठी एक खिडकी हवी, जिथे करार वाचून दाखवला जाईल, तक्रार लिहून घेतली जाईल आणि मालकाला पत्र जाईल.

घरं कमी आहेत, हे तर आहेच. २०२४ मध्ये म्हाडाच्या मुंबईतल्या २,०३० घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले. ती घरंसुद्धा विकतची, म्हणजे ज्याला कर्ज मिळतं त्याचीच. याच शहरात शंभर वर्षांपूर्वी सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या केल्या होत्या, भाड्याने द्यायला. २००८ मध्ये एमएमआरडीएची भाड्याच्या घरांची योजना आली. पुढे तिचं स्वरूपच बदललं. दुसरीकडे २०११च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं कुलूपबंद सापडली. मालकांना भाडेकरू जागा बळकावेल अशी धास्ती वाटते. १९४७च्या जुन्या भाडे कायद्याने गोठवलेल्या भाड्यांनी ती पेरली. पण आज लीव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत करारात मालकालाही जागा परत मिळण्याची हमी आहे. म्हणजे तोच कागद दोघांचीही भीती कमी करतो. सरकारने मालकांना हे समजावून सांगावं आणि स्वतः पुन्हा भाड्याची घरं बांधावीत.

हे होत नाही याचं कारण साधं आहे. भाडेकरूचं मत गावाकडच्या यादीत असतं. दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलणाऱ्या माणसाची नगरसेवकाला पर्वा नसते. मात्र नोंदणीकृत भाडेकरार मतदार नोंदणीच्या अर्जाला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. तेव्हा करार नोंदवा, त्याच्या आधारावर इथल्या यादीत नाव घाला, आणि मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा : आमच्या वॉर्डात भाडेकरूंची खिडकी कधी उघडणार, आणि भाड्याची घरं कुठे बांधणार?