आमचे वायफायशास्त्री

पूर्वी प्रत्येक आळीला जसा एक पंचांग पाहणारा, एक हाडवैद्य आणि कोर्टकज्ज्यांतला एक माहितगार असे, तसा अलीकडे प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला एक वायफायशास्त्री लाभलेला असतो. आणि आमच्या पुण्याच्या तीनमजली इमारतीत हे पद, कोणीही नेमणूक केलेली नसताना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अण्णा अव्याहत भूषवीत आहेत. कोणाच्या घरी चित्रपट ऐन रंगात येऊन थिजल्याची वार्ता जिन्यात पोहोचली, की अण्णा अनाहूत दाखल होतात, राउटर पालथा करून त्याच्या तळाची चिठ्ठी सातबाराच्या उताऱ्यासारखी न्याहाळतात, आणि ‘‘८०२.११ एन!’’ एवढेच अशा स्वरात उच्चारतात, की यजमानाला आपल्या कुळातले एखादे वैगुण्य उघडकीस आल्याचा भास व्हावा.

त्यानंतर चहा येईपर्यंत वंशावळ सांगितली जाते. १९९७ साली पहिले मानक निघाले तेव्हा वेग सेकंदाला अवघा २ मेगाबिट. १९९९ साली ‘बी’ अवतरले ते ११ मेगाबिटचे. २००३ चे ‘जी’ ५४ वर गेले आणि २००९ साली ‘एन’ आले. ही अक्षरे कोणत्या बाराखडीतली, हे सामान्य गिऱ्हाइकाला उमगेना, म्हणून २०१८ साली वायफाय अलायन्सने पिढ्यांना अंक दिले. परंतु ‘एन’ला ४, ‘एसी’ला ५ आणि ‘एएक्स’ला ६ देताना त्याआधीच्या मंडळींना बिनक्रमांकाचेच ठेवले, याचा अण्णांना अद्याप संताप आहे. ‘‘आमच्या खात्यात कोणी मोजणी चारापासून सुरू केली असती, तर संध्याकाळच्या आत लेखी कैफियत मागवली असती!’’

मी स्वतः मोठ्या उमेदीने सहाव्या पिढीचा राउटर आणला आणि दहा वर्षांच्या लॅपटॉपचा वेग तसूभरही वाढला नाही, तेव्हा अण्णांनी जो निवाडा दिला, तो मात्र मला शिरसावंद्य वाटतो. ‘‘धरणाची उंची वाढवलीत, पण तुमच्या शेताची चारी होती तेवढीच राहिली, तिथे धरणाने काय करावे?’’ नवा राउटर जुन्या यंत्राला दारातून परतवीत नाही, पण त्याच्याशी बोलतो ते त्या यंत्राला अवगत असलेल्या जुन्या बोलीतच, हे मर्म विक्रेत्याने नव्हे तर अण्णांनी मला समजावले. २.४ गिगाहर्ट्झ हा त्यांच्या मते जुना कालवा: भिंती ओलांडून लांबवर पोहोचणारा, परंतु शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांच्या अतिक्रमणाने गढूळलेला, ५ गिगाहर्ट्झचे पात्र प्रशस्त, पण दोन भिंती लागल्या की टेलच्या शेतकऱ्याला थेंब मिळत नाही. आमच्या घरात टेलचा शेतकरी मी आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र त्यांचा उत्साह एकदा अनावर झाला. केवळ डब्ल्यूपीए-३ चालेल असा हुकूम त्यांनी माझ्या राउटरवर जारी केला आणि माझा म्हातारा प्रिंटर तत्क्षणी वाळीत पडला. दुसऱ्या दिवशी जुन्या डब्ल्यूपीए-२ लाही मुभा देणारी मिश्र व्यवस्था लावून अण्णांनी त्या माघारीस ‘तह’ हे भारदस्त नाव दिले.

असा हा पुरुष स्वगृही मात्र निष्प्रभ आहे. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर असावा, हा त्यांचाच सिद्धांत. आणि त्यांच्या घरात या तिन्ही अटी पुऱ्या करणारी जागा एकच निघाली, ती देव्हाऱ्यावरची फळी. काकूंनी यंत्राला जागा दिली, पण त्या जागेचे नियमही लागू केले: खंडेनवमीला झेंडूची माळ, रोज हळदीकुंकवाचे बोट, आणि रात्री साडेनऊला शेजारतीनंतर, देव निजताना दिव्यांची उघडझाप नको, म्हणून बटण बंद. त्यापुढचा क्रिकेटचा सामना अण्णा जिन्याच्या वळणावर बसून पाहतात. तिथे पहिल्या मजल्यावरचा, त्यांनी गेल्या दिवाळीत ‘मोडीत घाला’ असा शेरा मारलेला ‘एन’ जातीचा राउटर भिंतींतून पाझरत पोहोचतो, आणि त्याचा संकेतशब्द अण्णांनी, केवळ तपासणीसाठी म्हणून, टिपून ठेवलेला आहे.