लाइट येईपर्यंत

बुऱ्हाणपुरात बुद्धिबळ शिकायला मुहूर्त लागत नाही, लाइट जावी लागते. लाइट असली की आमच्या गल्लीत लूमची खटखट एवढी, की 'शह' म्हटलेलं समोरच्याला 'चहा' ऐकू येतं आणि तो खरंच दोन कटिंग सांगून मोकळा होतो. लाइट गेली की माग थांबतात, कारागीर ओट्यावर येतात, पट पसरला जातो आणि पाचव्या मिनिटाला दोन खेळाडूंभोवती अकरा सल्लागार उभे असतात. मी तिथंच शिकलो. म्हणजे, सल्ले पाठ झाले. नवशिक्यांची सोय म्हणून ते पुढे देतोय. वापरू नयेत.

"मियाँ, वजीर को जल्दी बाहर मत निकालो," हे चाचांचं पहिलं वाक्य. त्याच दमात पलीकडचे भाऊ म्हणायचे, "मग काय घरात ठेवून लोणचं घालणार का त्याचं?" दोघंही वडीलधारे, दोघांचाही मान राखायचा, म्हणून मी वजीर एक घर पुढे काढून तिथंच ठेवायचो. इंग्रजीत हा मोहरा राणी असतो हे मी एकदा सांगितलं, तेव्हा चाचा गंभीर झाले. मुमताज 1631 साली याच गावात गेली, त्यानंतर बादशहाचं कशात लक्ष लागलं नाही, तेव्हा आपल्या पटावर वजीरच बरा, असा त्यांनी निकाल दिला.

नियमांचंही तसंच. चाचा जुन्या देशी पद्धतीचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार, दोन राजे समोरासमोर उभे राहणार नाहीत, आणि राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. त्यांचा पुतण्या मोबाइलवर शिकलेला. त्याचं प्यादं दोन घरं टाकायचं. मला दोघांनी मिळून शिकवल्यामुळे माझा राजा कधी उडी मारायचा, कधी किल्लेकोट करायचा, आणि एकदा तर त्यानं दोन्ही केलं. "घाबरू नको," चाचा म्हणाले, "सुलतान खान आधी आपलंच देशी शिकला, मग विलायतेला जाऊन 1929, 1932 आणि 1933 ला तिथला चँपियन झाला." यातला पहिला अर्धा भाग मी केव्हाच पूर्ण केलाय.

किल्लेकोटावर मात्र अकराही जणांचं एकमत. भाऊ उत्तरेकडं बोट दाखवायचे. "असीरगड बघ. किल्ल्यात शिरलं की विषय संपला. अकबराला तरी लढून घेता आला का?"

"पण 1601 साली पडला ना?"

"पडला. पण लढून नाही!" अकबरानं तो सोन्याच्या किल्लीनं उघडला, म्हणजे आतल्यांना पैसे चारले, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यात चूक कुणाची, तर सोन्याची, किल्ल्याची नव्हे. हे ऐकून मी राजाला कोपऱ्यात घालून पुढं तीन प्यादी उभी केली. प्रतिस्पर्ध्याचा हत्ती मागच्या रांगेत शिरला तेव्हा राजाला हलायला जागा नव्हती, कारण ती माझ्याच तीन शिपायांनी अडवली होती. सोनं लागलंच नाही.

"चाल दिसता कामा नये," हा आणखी एक. त्याला दाखला कुंडी भंडाऱ्याचा. 1615 च्या सुमाराचं काम. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालून, भुयारातून गावात आणलेलं, आणि वरून चालणाऱ्याला पत्ता नाही. मीही माझे बेत इतके खोल नेले, की पाच चालींनंतर ते मलाच सापडत नसत.

माझा स्वतःचा सल्ला एकच आहे: मावा जलेबी खाऊन पटाला बसू नये. 'हात लावला की चाल' हा नियम लिहिणाऱ्यानं बुऱ्हाणपूरचा पाक पाहिला नव्हता. मला उंट उचलायचा होता, करंगळीला प्यादं चिकटून आलं. त्यावर सभा भरली. चिकटणं म्हणजे लावणं का? निकाल माझ्याविरुद्ध गेला. निकाल देणाऱ्याच्या हातात माझीच जलेबी होती.

आता चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल, की हे सगळे सल्ले डावाच्या सुरुवातीचे किंवा मधले आहेत. शेवटी राजा आणि दोन प्यादी उरली तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही, कारण कुणाला ते लागलंच नाही. तोवर लाइट येते. माग सुरू होतात, कारागीर पळतात, पट गुंडाळला जातो आणि दोन्ही खेळाडू "मी जिंकतच होतो" म्हणत उठतात. (हत्तीवाला तो डाव मी धरत नाही. त्या दिवशी व्होल्टेज कमी होतं.) म्हणून आमच्या गल्लीत हरलेला माणूस भेटत नाही. डाव अंगाशी आलाच, तर हनुवटीवर मूठ टेकवून "विचार करतोय" म्हणायचं आणि कान खटखटीकडं लावायचे.

मागच्या मे महिन्यात रावेरहून भाची आली. वय वर्षं दहा. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 साली महिलांचा विश्वचषक जिंकल्यावर हिच्या आईनं हिला क्लासला घातलंय. चार वाजता लाइट गेली, तशी ती पट आणि वही घेऊन ओट्यावर आली. वही कशाला? तर चाली लिहायला. आमच्या ओट्यावर आजवर पुरावा कुणी ठेवला नव्हता.

अकरा सल्लागार माझ्या बाजूला. अर्ध्या तासानं सहा. मी मूठ हनुवटीला टेकवली.

"मामा, चाल ना."

"विचार करतोय."

पुतण्याला खुणेनं विचारलं. तो म्हणाला, डीपीच जळलीय, वायरमन चढलाय. चढला होता, पण उतरत नव्हता. माझा हत्ती गेला, उंट गेला, आणि मी कधीही न पाहिलेल्या प्रदेशात येऊन पोचलो: राजा आणि दोन प्यादी. भाऊंकडं पाहिलं. भाऊ असीरगडाकडं पाहत होते.

तिनं एक प्यादं एक घर सरकवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"प्यादमात!" चाचा उठून उभेच राहिले. जुन्या लोकांत प्याद्यानं दिलेली मात सगळ्यात मानाची. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खिशातून दहाची नोट काढून दिली, आणि मग माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाले. पण तेवढ्यात लाइट आली, आणि ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

मी दोन कटिंग सांगितले.