मुंबई दाखवणारे नाना

सुप्यात कुणाच्या घरी मुंबई बघायला जायचं ठरलं की आधी गाडी ठरत नाही, आधी नाना ठरतात. नाना म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. पारनेर तालुक्यात आळीगणिक एक नाना असतो; कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे तात्या. इथला पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गेली. कुणी गिरणीत चिकटलं, कुणी माथाडीत, कुणी भायखळ्याच्या भाजीबाजारात. त्यातली काही परत आली. परत आल्यावर शेतीत त्यांचं मन रमलं नाही, पण मुंबई मात्र त्यांच्या नावावर कायमची चढली. तिचा सातबारा निघत असता तर तोही त्यांनी खिशातून काढून दाखवला असता.

ठरलेल्या रात्री बाराला नाना तयार असतात. पांढरा लेंगा, टोपी, काखेत पिशवी. क्रूझरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा त्यांची, आणि ती त्यांना कुणी दिलेली नसते. मागे बायका, पोरं, दशम्यांचे डबे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे कॅन आणि उलटीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या. शिरूर येईपर्यंत नाना गप्प असतात, कारण शिरूरपर्यंतचा रस्ता सगळ्यांनाच माहीत असतो. रांजणगावच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले की त्यांचा कंठ फुटतो, आणि मग मुंबई येईपर्यंत ड्रायव्हरला झोप येण्याची धास्ती उरत नाही.

एमआयडीसीत कामाला असलेला पुतण्या मोबाइलवर नकाशा लावतो. नानांना हा आपल्या नोकरीवर आलेला बदली कामगार वाटतो. "तिला काय म्हाईत?" मोबाइलमधल्या बाईला उद्देशून ते म्हणतात, "एल्फिन्स्टनवरून घे." मोबाइलला एल्फिन्स्टन सापडत नाही. ते स्टेशन 2018 पासून प्रभादेवी झालंय. व्हीटीचं तर 1996 मध्ये एकदा आणि 2017 मध्ये दुसऱ्यांदा नाव बदललं, पण नानांचं पहिलंही पोचायचं राहिलंय. गंमत म्हणजे टॅक्सीवाल्याला नानांचीच भाषा कळते. पुतण्या 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' पुरतं म्हणेपर्यंत टॅक्सीवाला "व्हीटी ना?" म्हणून मोकळा होतो, आणि नाना पुतण्याकडे बघतसुद्धा नाहीत. जिंकलेल्या माणसाला तेवढं मोठेपण परवडतं.

नाना रस्ता कधी विचारत नाहीत. फार झालं तर "खात्री करून घेतो" म्हणून खाली उतरतात. ज्याच्याकडून खात्री करून घ्यायची तो पानवाला उत्तर प्रदेशातला निघाला, तर त्यालाच दादरचा इतिहास सांगून येतात.

गेटवेपाशी त्यांचं पहिलं मोठं व्याख्यान. "इंग्रजाचा राजा आला 1911 ला. त्याच्यासाठी ही कमान. बांधून पुरी झाली 1924 ला." तारखा बरोबर असतात, याचं नेहमीच आश्चर्य वाटतं. "म्हंजे राजा कशाखालून आला?" वहिनी विचारतात. "मांडवाखालून. सरकारी काम तवापासून असंच." 1948 मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण इथूनच बोटीत बसली, हेही ते सांगतात, पण तोवर अर्धी मंडळी कबुतरांकडे आणि उरलेली झटपट फोटोवाल्याकडे गेलेली असतात.

पोरांचं डबल डेकरवर लक्ष. जुन्या लाल डबल डेकर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता आहेत त्या विजेवरच्या, एसी. नाना वरच्या मजल्यावर अगदी पुढचं बाकडं धरतात, पोरांना शेजारी बसवतात आणि वारा यायची वाट बघतात. काच उघडत नाही. "काच फोडायला हातोडी ठेवलीय," ते सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणतात, "पण काच उघडायला कडी न्हाई."

राणीच्या बागेतलं खरं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे तिकिटाची खिडकी. नवरा-बायको आणि दोन पोरं असं चौकोनी कुटुंब शंभर रुपयांत, सुटा मोठा माणूस पन्नास. हा फलक वाचल्याबरोबर नानांमधला हिशेबनीस जागा होतो. सगळ्या गोताची नव्याने वाटणी होते. ड्रायव्हरला दोन मुलगे मिळतात. अविवाहित पुतण्याच्या पदरी एक बायको आणि दोन मुली पडतात, पण ऐन खिडकीत ती बायको "अरे, मी ह्याची मावशी हाय!" म्हणून ओरडते आणि संसार मोडतो. एवढ्या खटपटीतून वाचलेल्या पैशांचा नानांना जो आनंद होतो, तो आतला वाघ बघून होत नाही. कोरियाहून आणलेल्या पेंग्विनच्या काचेपुढे बायका बराच वेळ उभ्या राहतात. पेंग्विन आवडले म्हणून असेल. तिथे गारवा होता हेही खरं.

लोअर परळला मात्र नानांचा आवाज बदलतो. ते इथल्या गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत हेही. संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीर केलं नाही. गिरणीच्या जागी मॉल झाला. चिमणी तेवढी शोभेसाठी ठेवली. "ही कशाची?" पोरं विचारतात. "आमची," नाना म्हणतात. मंडळी सरकत्या जिन्याच्या ओढीने आत जातात. बाया पदर सावरून पहिल्या पायरीवर पाय ठेवतात, काढतात, पुन्हा ठेवतात. नाना फाटकाबाहेर बसून राहतात. आत का येत नाही म्हणून कुणी विचारलंच तर सांगतात, "संप चालू हाय." हसावं की नाही हे कळत नाही, कारण नाना स्वतः हसत नाहीत.

पण दिवसाचा कळस मलबार हिलवर. म्हातारीच्या बुटात पोरं चढून झाली की नाना मंडळींना समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये नेतात आणि पायाखालच्या हिरवळीकडे बोट दाखवतात. "ह्याच्या खाली पाणी हाय. टाकी. इंग्रजांच्या काळातली." ताजमहाल हॉटेलकडे ढुंकून न बघितलेल्या बायका इथे थबकतात. चैत-वैशाखात टँकरच्या मागे हंडे घेऊन पळालेल्या बायकांना टाकीचं आकर्षण समजावून सांगावं लागत नाही.

"केवढी?"

"ही सगळी बाग."

"अन् येतं कुठनं?"

"तानसा, वैतरणा, भातसा. पार शहापूरकडनं."

"शहापूरच्या बायकांला इचारलं का?" थोरल्या काकी म्हणतात. मुंबईविषयी उत्तर तयार नाही असा नानांच्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग असावा. ते टोपी काढतात, झटकतात, पुन्हा घालतात आणि चौपाटीच्या भेळेला उशीर होतोय असं जाहीर करतात.

परतीच्या गाडीत पनवेलपर्यंत सगळे झोपलेले असतात, आणि नाना जागे. मुंबईत काही राहिलं नाही, असं ते ड्रायव्हरला सांगत असतात. पुढच्या दिवाळीत दुसऱ्या आळीतल्या कुणाला मुंबई बघायची झाली की हेच नाना पिशवी घेऊन पुन्हा तयार. मला वाटतं, मुंबई असेना का नसेना, वाट दाखवल्याशिवाय त्यांना करमत नाही.

याचा पुरावा सुपे फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मिळतो. रविवारी मुंबईची मंडळी चकचकीत गाड्या घेऊन आमच्याकडे येतात, कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे बघायला. एकदा एकाने काच खाली करून निघोजचा रस्ता विचारला. नाना उठले. आधी त्याला तो चुकीच्या रस्त्याने आल्याचं सांगितलं, मग बरोबर रस्ता कोणता ते सांगितलं, मग त्या रस्त्याचं काय चुकलंय ते. शेवटी म्हणाले, "तुम्हाला न्हाई घावायचं. मीच येतो."

ड्रायव्हरशेजारी बसलेल्या त्या गृहस्थाच्या बायकोला मागे पाठवून नाना पुढे बसले. त्यांनी निघोज आजवर पाहिलेलं नाही, हे टपरीवर सगळ्यांना माहीत होतं.